वेगळा ठेवलेला पेला

हा अनुभव लिहावा की लिहू नये, याचा निर्णय करायला मला वर्षभर लागले. गुडघेदुखी, रक्तदाब, मोतीबिंदू, विस्मरण या विषयांवर आपण या पाक्षिकात मोकळेपणाने लिहितो आणि वाचतो. मात्र ज्या विषयावर मी आज लिहीत आहे, तो आपल्या वयाच्या माणसांना लागूच पडत नाही, असे घरातले समजतात, पुष्कळदा डॉक्टरही समजतात. मीही तसेच समजत होतो. संपादकांनी नाव न छापण्याची विनंती मान्य केली, म्हणून हे लिहिण्याचे धैर्य झाले.

मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. जालना जिल्ह्यातील निरनिराळ्या गावांत मिळून ३२ वर्षे गणित शिकवले. आता जुन्या जालन्यात मुलगा, सून आणि माझी ९० वर्षांची आई यांच्यासह राहतो. पत्नीचे निधन होऊन चार वर्षे झाली. आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्या कमरेखाली जखम झाली आहे. ती धुऊन रोज मलमपट्टी करण्याचे काम मी स्वतःकडे घेतले होते. मुलगा नोकरीला, सून शाळेत शिकवायला. दुपारचे घर आमचे दोघांचे, आईचे आणि माझे.

गेल्याच्या गेल्या वर्षी मार्गशीर्षात एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मी पुण्याला गेलो. तेथे एक बाई भेटल्या. भोकरदन तालुक्यातील एका शाळेत आम्ही तीसएक वर्षांपूर्वी काही काळ एकत्र काम केले होते. त्याही आता एकट्या. वऱ्हाडाची उतरण्याची सोय एकाच लॉजमध्ये होती. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही बोलत बसलो. जुनी शाळा, जुनी माणसे, आपापली गेलेली माणसे. त्या रात्री जे घडले ते दोघांच्या संमतीने घडले. त्याचे समर्थन करण्यासाठी हा लेख नाही आणि त्याबद्दल क्षमा मागण्यासाठीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि आपापल्या गाडीने निघालो. निरोधाचा विचार त्या वेळी मनाला शिवलाही नव्हता. आमच्या पिढीने निरोध ओळखला तो कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून. मूल होण्याची शक्यता संपली की त्याचे कामही संपले, अशीच आमची समजूत.

पाचव्या दिवशी स्नान करताना लिंगाच्या टोकाशी लालसरपणा दिसला. खाज होती, आग होती. त्या क्षणी पोटात खड्डा पडला. शरीराच्या त्या एवढ्याशा खुणेवरून मनाने किती मोठी इमारत उभी केली, ते आठवले की आजही संकोच वाटतो. संध्याकाळपर्यंत मला एचआयव्ही झालेला होता, रात्रीपर्यंत मुलाला ते कळलेले होते आणि पहाटेपर्यंत माझ्या तेराव्याला कोणी जेवायला आलेले नव्हते.

भीती माणसाला अविचारी करते. जी बाई माझ्याशी तीन तास आपल्या दिवंगत पतीच्या आजारपणाविषयी बोलली होती, तिच्याविषयी मी नाही नाही ते तर्क करू लागलो. माझ्याकडून तिला काही झाले असेल का, हा प्रश्न मात्र एकदाही मनात आला नाही.

सहाव्या दिवशी मी बसस्थानकाच्या परिसरात भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीच्या आधाराने एका ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडे गेलो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. रक्त तपासले नाही, लघवी तपासली नाही. ‘रक्तात उष्णता शिरली आहे’ असे सांगून कागदाच्या पुड्या दिल्या आणि माझ्या पेन्शनमधले साडेचार हजार रुपये घेतले. आयुष्यभर मुलांना ‘सिद्ध करून दाखवा’ म्हणणारा मी, काहीही न विचारता पुड्या खिशात घालून घरी आलो. लाज वाटत असली की माणूस पुरावा मागत नाही. अशा दुकानांचा सगळा व्यवहार त्यावरच चालतो.

घरात माझे वागणे बदलले. मी माझा पेला आणि ताट वेगळे काढून ठेवले, टॉवेल वेगळा केला. सुनेने विचारले, तेव्हा ‘घशाला संसर्ग आहे, तुम्हांला नको’ असे सांगितले. आईच्या मलमपट्टीसाठी एका बाईंना लावले. आईला दिसते कमी, ऐकू येते कमी. परंतु हात ओळखतो. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “बापू, तुझा हात का लागंना मला?” मी खोकल्याचे निमित्त सांगितले. ती काही बोलली नाही. नुसता हात पुढे केला आणि तो मी धरला नाही.

त्या रात्री मला एक मुलगा आठवला.

१९९८-९९ चा सुमार असेल. मी तेव्हा एका खेड्यातील शाळेत होतो. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील ट्रकचालक होते. ते वर्षभर खंगत गेले आणि वारले. गावात कुजबुज सुरू झाली. पालकांनी माझ्याकडे येऊन सांगितले की, त्या पोराला आमच्या पोरांजवळ बसवू नका. मी त्याला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवले. पाण्याच्या माठाजवळ त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवला. विशेष म्हणजे १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनी शाळेत परिपत्रक वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडेच असे. सोबत बसल्याने, जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने हा रोग होत नाही, ही वाक्ये मी स्वतः खड्या आवाजात वाचली होती आणि त्यानंतर वर्गात जाऊन तो पेला वेगळा ठेवला होता. दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. आईने त्याला मामाच्या गावी नेले, एवढेच कळले. त्याच्या वडिलांना नेमके काय झाले होते, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

त्याच्यासाठी ठेवलेला पेला आता माझ्या मांडणीवर होता. फरक इतकाच की, त्याला तो दुसऱ्याने दिला होता आणि मी स्वतःच घेतला होता.

नवव्या दिवशी मी १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी केला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ही निःशुल्क मदतवाहिनी आहे. नाव विचारले जात नाही. दोनदा फोन लावून ठेवून दिला, तिसऱ्यांदा बोललो. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकले आणि पहिलाच प्रश्न केला, “किती दिवस झाले?” मी सांगितल्यावर तो म्हणाला, “७२ तासांच्या आत आला असतात, तर डॉक्टरांनी धोका पाहून प्रतिबंधक औषधांचा विचार केला असता. ती मुदत आता गेली. पण तपासणीची मुदत गेलेली नाही. सरकारी रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते, तेथे जा.”

ही ७२ तासांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. एचआयव्हीचा संभाव्य संपर्क झाल्यानंतर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा तीन दिवसांच्या आत, ही औषधे सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. प्रत्येकाला त्यांची गरज असतेच असे नाही. ते डॉक्टर ठरवतात. परंतु ठरवायला त्यांच्यापुढे वेळेत जावे लागते. मी ते तीन दिवस काहीच न करता घालवले आणि पुढचे सहा दिवस भीतीत घालवले.

दहाव्या दिवशी रुग्णालयात गेलो. जालन्यासारख्या शहरात ३२ वर्षे शिकवलेल्या माणसाला सरकारी रुग्णालयात न ओळखले जाणे अवघडच. केसपेपरच्या रांगेत एका माजी विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला आणि “सर, इकडे कसे?” असे विचारले. “साखर तपासायला,” मी म्हणालो. ते खोटे किती खरे ठरणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हते.

केंद्रात समुपदेशक म्हणून एक तरुण मुलगी होती. माझ्या नातीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. दार लावून घेऊन ती म्हणाली, “काका, इथे बोललेलं इथेच राहतं. बसा.” नंतर तिने जे प्रश्न विचारले, ते मला माझ्या वयाच्या कोणा डॉक्टरने कधी विचारले नव्हते, आणि ते तिने ताप किती दिवस आहे हे विचारावे, तितक्याच सहजपणे विचारले. चाचणीपूर्वी तिने माझी संमती घेतली. २०१७ साली आपल्या संसदेने एचआयव्ही व एड्सविषयी कायदा केला आहे आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे आणि शाळा, नोकरी, उपचार यांत भेदभाव करणे बेकायदेशीर आहे, हे तिने मला समजावून सांगितले. ‘शाळा’ हा शब्द तिने उच्चारला, तेव्हा मी खाली पाहिले.

रक्ताचा निकाल त्याच दिवशी मिळाला. एचआयव्ही नाही, सिफिलिसही नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच ती म्हणाली, “काका, हा आजचा निकाल त्या रात्रीचा नाही. तो त्याआधीच्या आयुष्याचा आहे.” संसर्ग झालाच असेल, तर तो रक्तात दिसून येण्यास काही काळ जावा लागतो. म्हणून पुन्हा सहा आठवड्यांनी आणि अखेरची तीन महिन्यांनी तपासणी करायची. तोवर कोणाशी संबंध आला, तर निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचे नाही. मी गणिताचा शिक्षक. तारखा वहीत लिहून घेतल्या. ज्या भीतीला काही अंत दिसत नव्हता, तिला आता एक तारीख मिळाली.

निघताना मी विचारले, “आईची मलमपट्टी मी करतो. ती बंद ठेवू का?”

तिला क्षणभर माझा प्रश्न कळलाच नाही. मग म्हणाली, “का बंद ठेवायची? हातमोजे घाला, आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. ते तर कोणीही, कोणाचीही जखम धुताना करायलाच हवं. उद्या तुमचा निकाल पॉझिटिव्ह आला असता, तरी मी हेच सांगितलं असतं. स्पर्शाने, भांड्यांनी, अंथरुणाने, संडासाने हा विषाणू पसरत नाही.” हीच वाक्ये मी पंचवीस वर्षांपूर्वी प्रार्थनेच्या मैदानावर वाचून दाखवली होती.

तिने मला त्याच रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये पाठवले. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांची तपासणी आणि उपचार तेथे निःशुल्क होतात. डॉक्टरांनी पुड्या दाखवायला सांगितल्या आणि पाहून त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग तपासले आणि विचारले, “साखर कधी तपासली होती?” दोन वर्षांत तपासलेली नव्हती. बोटातून रक्ताचा थेंब घेतला. आकडा आला २८४.

तो लालसरपणा बुरशीच्या संसर्गाचा होता. मधुमेह आटोक्यात नसलेल्या पुरुषांना तो वारंवार होतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत मधुमेहाची पहिली खूण तीच असते, असे डॉक्टरांनी सांगितले. एक मलम दिले आणि साखरेवर उपचार सुरू केले. दहा दिवसांत त्रास गेला. ज्या रोगाच्या भीतीने मी झोपलो नव्हतो, तो नव्हता; आणि जो रोग शरीरात मुरत होता, त्याची मला कल्पनाही नव्हती. रात्री दोनदा उठावे लागणे, तहान लागणे, थकवा या साऱ्या गोष्टी मी वयाच्या खात्यावर मांडून मोकळा झालो होतो.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. वजन घटणे, वारंवार ताप येणे, सतत थकवा या तक्रारी घेऊन म्हातारा माणूस आला की घरचे म्हणतात वय झाले. आणि त्याला खासगी आयुष्य असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. त्यामुळे निदान उशिरा होते. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते, त्याला सूक्ष्म जखमा होतात आणि संसर्गाला वाट मिळते. वय हे या आजारांपासूनचे संरक्षण नाही. बरे, यांतील बहुतेक आजार भयंकरही नाहीत. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो. परंतु त्याची पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप भरून येते, म्हणून माणूस फसतो. कावीळ ‘ब’ला लस आहे. एचआयव्हीवर रोज औषध घेणारा माणूस दीर्घ आणि कामाचे आयुष्य जगतो.

आता एकच काम उरले होते, आणि तेच सर्वांत अवघड होते. समुपदेशक म्हणाली होती, “त्यांनाही सांगा. तपासणीचा हक्क त्यांचाही आहे.” बाराव्या दिवशी मी त्या बाईंना दूरध्वनी केला. अडखळत सगळे सांगितले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही मला विचारताय की सांगताय?”

“सांगतोय, बाई.”

“मग ठीक आहे. मीही तपासून घेते.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “पण या बारा दिवसांत माझ्याबद्दल काय काय विचार केलात, ते मात्र मला कधी सांगू नका.”

मी ते त्यांना सांगितले नाही. येथे कबूल केले आहे. त्यांची तपासणी झाली, ती ठीक निघाली, हे त्यांनी दोन ओळींच्या संदेशाने कळवले. त्यानंतर आमचे बोलणे झालेले नाही.

सहाव्या आठवड्याची तपासणी झाली, तीन महिन्यांची झाली. दोन्ही निकाल निर्दोष आले. शेवटचा निकाल हातात पडला त्या दिवशी मी समुपदेशकाला विचारले, “अजून एकदा करून पाहू का?” ती हसून म्हणाली, “काका, गणितात उत्तर आल्यावर तुम्ही पुन्हा पुन्हा तेच गणित सोडवायचात का?” भीतीची सवय रोगाआधीच लागते आणि रोग नाही असे कळल्यावरही ती लवकर सुटत नाही. योग्य दिवशी केलेल्या तपासणीवर विश्वास ठेवणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

हा विषय मराठीला नवीन नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली निधन होईपर्यंत ते चालवले. वाचक त्यांना अशाच शंका विचारत आणि कर्वे त्यांची छापील उत्तरे देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. खटला ते हरले. परंतु शंका विचारणे हा गुन्हा नाही, हे सांगण्यासाठी एवढी मोठी माणसे उभी राहिली होती, ही गोष्ट मला त्या नऊ दिवसांत आठवायला हवी होती.

वडीलधाऱ्यांची सेवा करणाऱ्या मुलासुनांना माझी एक विनंती आहे. घरातील म्हातारे माणूस अचानक ताट वेगळे करू लागले, स्पर्श टाळू लागले, डॉक्टरकडे एकट्याने जायचे म्हणू लागले, तर त्याची थट्टा करू नका आणि खोदून खोदून विचारूही नका. ‘डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे असेल, तर मी बाहेर बसतो’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. माझ्या सुनेने ते उच्चारले असते, तर कदाचित मी नऊ दिवस वाचवले असते. तिचा दोष नाही. मीच तिला घशाच्या संसर्गावर बोळवले होते.

आणि माझ्या वयाच्या वाचकांना सांगायचे ते इतकेच: जे घडले ते घडले. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. ती वेळ गेली असेल, तरी जा. भिंतीवरच्या जाहिरातीकडे जाऊ नका. तारखा लिहून ठेवा, त्या त्या दिवशी तपासणी करा आणि ज्या व्यक्तीला कळायला हवे, तिला सांगा.

रुग्णालयातून आलो त्या दहाव्या दिवशीच दुपारी मी पेला मांडणीवरच्या इतर पेल्यांत ठेवून दिला. साबणाने हात धुतले, मोजे घातले आणि आईची जखम धुवायला बसलो. तिने डोळे उघडले नाहीत. नुसते म्हणाली, “खोकला गेला वाटतं.”

“गेला,” मी म्हणालो.

त्या मुलाचा मात्र पत्ता मला अजून लागलेला नाही. आता तो चाळिशीच्या घरात असेल.